विहीर वापरात आहे काय?

आईनं पाणी पिणं कमी केलंय हे माझ्या लक्षात यायला चार-पाच दिवस लागले. सकाळी उशाशी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी जवळजवळ तसाच असायचा. "का गं?" म्हटलं तर "तहानच लागत नाही बघ" म्हणायची. ओठांची सालं निघालेली, बोलताना जीभ टाळूला चिकटायची, आणि ही बाई मला तोंड वर करून सांगत होती की तहान लागत नाही. मी हायस्कुलात गणित शिकवते. खोटं उत्तर मला लांबून दिसतं. पण ती हे खोटं कशासाठी बोलते तेही मला माहीत होतं, म्हणून मी पहिले काही दिवस गप्प बसले.

आमचं घर धारवाडात, एका उतरत्या गल्लीच्या अगदी शेवटाला. भुयारी गटार गल्लीच्या तोंडापर्यंत आलेली आहे, पण आम्ही तिच्या खालच्या अंगाला, आणि घाण पाणी काही चढ चढून जात नाही. त्यामुळे आमचा संडास पहिल्यापासून परसाच्या टोकाला, चार पायऱ्या वर, आणि मैल्याची टाकी त्याच्याही मागे. त्या पायऱ्यांवरच आई उन्हाळ्यात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. हुबळीला देशपांडे नगरमधल्या डॉक्टरांनी आत पट्टी बसवली आणि सांगितलं की यापुढे पायरी चढायची नाही, संडास घरातच करून घ्या. आम्ही होय होय म्हणून घरी आलो. श्रावणातल्या पावसात परसातली ती जुनी टाकी खचली, बरोबर संडासाची अर्धी भिंतही घेऊन गेली. मेस्त्री येऊन बघून म्हणाला, इथली माती आता काही धरत नाही, इथं परत बांधू नका.

मग घरात आली ती खुर्ची. तीही देशपांडे नगरच्याच एका दुकानातून आणलेली, मधे भोक आणि खाली भांडं असलेली. आईला उचलून तिच्यावर बसवायचं, उठवायचं, पुसायचं, आणि ते भांडं झाकून न्यायचं. न्यायचं कुठं, तर शेजारच्या अक्कांच्या संडासात. आमच्या आणि अक्कांच्या परसामधल्या भिंतीला एक बुटकं दार आहे. त्या दाराची कडी काढून, अक्कांच्या विहिरीला वळसा घालून मी दिवसातून पाच-सहा वेळा ते भांडं घेऊन जायची. माझ्यासाठीही तोच रस्ता होता. सकाळी बादली घेऊन गेले की अक्का चुलीपाशी बसूनच ओरडायच्या, "बर्री टीचर, नाचिकी यातक्क?" लाज कसली, या की. त्यांनी एका दिवसासाठीही तोंड वाकडं केलं नाही. पण लाज ही समोरच्यानं नको म्हटल्यावर जाणारी गोष्ट नाही. पंचावन्नाव्या वर्षी शेजारणीच्या संडासाबाहेर बादली घेऊन उभं राहताना मला रडू यायचं.

आईचं तर विचारूच नका. जन्मभर जिनं "जाऊन येते" एवढेही शब्द माझ्या अप्पांसमोर उच्चारले नाहीत, तिला आता मुलीसमोर लुगडं वर करावं लागत होतं. ती तोंड भिंतीकडे फिरवायची आणि दर वेळी "चुकलं गं बाई" म्हणायची. मी भांडं घेऊन निघाले की ती कान देऊन पडायची. भिंतीतल्या दाराची कडी वाजली की डोळे मिटायची. त्या कडीचा आवाज कमी वेळा यावा म्हणून ती पाणी पीत नव्हती. मी शाळेत असताना सोबतीला एक बाई यायची, पण ती भांड्याला हात लावायची नाही. त्यामुळे दहा ते चार आई सगळं आवरून धरायची. तिनं त्याचा हिशेबच बसवला होता, सकाळी दोन घोट, मी आल्यावर चार घोट.

घरात संडास करायला आईच्या खोलीला लागून जागा होती. टाकीला जागा एकच होती, खोलीच्या बाहेरची चिंचोळी पट्टी, अक्कांच्या भिंतीलगत. मेस्त्रीनं आणि मी तीनदा टेप धरला. टाकीपासून अक्कांच्या विहिरीपर्यंत नियमात जेवढं अंतर हवं त्याच्या निम्मंसुद्धा भरेना. अशा वेळी नियमातून सवलत मागता येते, आणि ती द्यायची की नाही ते आरोग्य समिती ठरवते, हे मला कचेरीत कळलं. मी कानडीत अर्ज लिहिला. अर्जात एक रकाना होता: जवळची विहीर वापरात आहे काय? मी लिहिलं, नाही.

आता हे खोटं नव्हतं. अक्कांकडे नळ आहे, बोअर आहे. विहिरीवर झाकण म्हणून पत्रा टाकलेला. पाणी काढलं जायचं ते वर्षातून एकदाच, दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी, पाणी भरायच्या सणाला. आमच्याकडे त्याला कानडीतच नीरु तुंबो हब्ब म्हणतात. न्हाणीतला हंडा चिंचेनं घासायचा, त्याला चुन्याच्या आणि कावेच्या रेघा ओढायच्या, गळ्यात रानातल्या हिंडलकाईचा कडू वेल बांधायचा, आणि विहिरीचं ताजं पाणी भरून त्याची पूजा करायची. पहाटे अभ्यंग त्याच पाण्यानं. तीनशे पासष्ट दिवसांतला एक दिवस. गणिताच्या बाईला विचाराल तर याला वापर म्हणत नाहीत.

पाहणीला आरोग्य निरीक्षक आले. निवृत्तीला आलेला, सभ्य, थकलेला माणूस. चपला बाहेर काढून आत आला. टेप धरला, आकडे लिहिले, भिंतीतल्या दारातून जाऊन विहीर बघितली. परत येऊन आईच्या खिडकीशी उभं राहून त्यानं मला विचारलं, "विहीर वापरात नाही म्हणता?"

मी "नाही" म्हणेपर्यंत आतून आईचा आवाज आला. "नाही कशी?"

मी खिडकीतून डोळे मोठे केले. तिनं बघितलंच नाही. कितीतरी दिवसांनी तिला कुणीतरी तिच्या आवडीचा विषय काढून दिला होता. "दर वर्षी हब्बाला तिथलंच पाणी भरतो की! मी या घरात आले त्या वर्षापासून एकदा चुकले नाही. देवाला तेच, तोंडात घालायला तेच. सगळ्या गल्लीत असं गोड पाणी नाही. पिऊन बघा की तुम्हीच." आणि मला म्हणाली, "अक्कांना सांग जा, साहेबांना एक पेलाभर काढून द्या म्हणावं."

निरीक्षक माझ्याकडे बघत राहिले. माझ्या तोंडाचा रंग त्यांना दिसला असणार. "अम्मा खरं बोलतात," ते हळूच म्हणाले, "मला लिहावं लागेल." आणि त्यांनी लिहिलं. विहिरीचं पाणी मात्र त्यांनी प्यायलं, आईच्या समाधानासाठी, आणि छान आहे म्हणाले. मला त्या क्षणी दोघांचाही गळा धरावासा वाटला.

ते गेल्यावर मी आईला म्हटलं, "तुला कुणी विचारलं होतं?" ती बावरली. "मी काय चुकीचं सांगितलं?" तिला खरंच कळलं नव्हतं. आपल्या घरी कुणी सरकारी माणूस आला तर शेजारणीच्या विहिरीला नावं ठेवून पाठवायचं, हे तिच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

समितीची बैठक हुबळीला होती. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बसनं गेले. लांब टेबलापलीकडे पाच-सहाजण, मधोमध एक डॉक्टरीणबाई. माझ्याआधी तिघांचे अर्ज होते, दोघांना सवलत मिळाली, म्हणून मला थोडा धीर आला होता. माझा कागद वाचून बाईंनी चष्मा काढला.

"टीचर, हे पाणी तोंडात जातं," त्या म्हणाल्या.

"वर्षातून एकदा," मी म्हटलं.

"कॉलऱ्याला एकदाच पुरतं."

मी बोलायला लागले. खुबा, पायऱ्या, खचलेली टाकी, भांडं, कडी, सगळं बोलले. शाळेत मी कुणाला अशी गयावया करू दिली नसती. आई पाणी पीत नाही हेही सांगितलं. बाईंनी मधे तोडलं नाही. ऐकून घेऊन म्हणाल्या की माणूस पाणी पीत असेल तिथं इतक्या जवळ टाकीला मी सही करणार नाही, तुमच्या आईसाठीही नाही. विहीर कायमची बंद करा, वर स्लॅब टाका, आणि विहिरीची मालकीण व पाणी वापरणाऱ्या तुमच्या आई, दोघींचं लेखी द्या की यापुढे वापरणार नाही. पुढच्या बैठकीत देऊन टाकते. मला सगळ्यात जास्त चीड याची आली की त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या खुर्चीत मी असते तर मीही हेच केलं असतं. भांडायला समोर कुणी वाईट माणूस असता तर किती बरं झालं असतं असं परतीच्या बसमध्ये वाटत राहिलं.

अक्कांना सांगायला मला दोन दिवस लागले. त्यांच्या सासऱ्यांनी खणलेली विहीर. मी अर्धवट बोलले तोवर त्या म्हणाल्या, "मुच्चरी." बंद करा. बस, एवढंच. पुढे म्हणाल्या की तुमची आई पडल्यापासून माझ्याच घशाखाली घास उतरत नाही, विहिरीचं काय घेऊन बसलात. अक्कांना लिहिता-वाचता येत नाही. कागद आणा, अंगठा देते म्हणाल्या.

अडलं ते आईपाशी. तिला सगळं समजावून सांगितलं तेव्हा तिनं एकदाच मान हलवली. "नको."

"आई, अक्का स्वतः होय म्हणाल्यात."

"ती म्हणेलच की. म्हणून आपण करायचं?"

ती मग ते सगळं सांगत बसली, जे मी लहानपणापासून ऐकत आले. ती लग्न होऊन इथं आली तेव्हा कानडीचं एक अक्षर बोलता येत नव्हतं, नळ नव्हता. अक्काही त्याच वर्षी त्या घरात सून म्हणून आलेल्या. माझ्या वेळी पोट पुढं आलं आणि आईला गल्लीतून वळसा घालून घागर आणणं जमेना, तेव्हा अक्कांच्या सासऱ्यांनी स्वतः पहार घेऊन भिंत फोडली आणि ते बुटकं दार बसवलं. विळीवर अक्कांचा डावा अंगठा उभा चिरला गेला, तो त्या विहिरीच्या काठावरच, आईनं हळद दाबून लुगड्याचा काठ फाडून बांधला. "ज्यांनी मला पाणी दिलं," ती म्हणाली, "त्यांची विहीर माझ्या घाणीसाठी बुजवू? नाही गं बाई. मी पाणी कमी पिते की. काय मरत नाही."

"मर मग!" मी ओरडले. "एकदाची मर आणि सुटव मला!"

असं मी म्हटलं. ते लिहायचं की नाही यावर मी बरेच दिवस घालवले, पण म्हटलं होतं हे खरं आहे. तिनं तोंड भिंतीकडे केलं. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत राहिले.

आठवड्याभरात तिला थंडी वाजून ताप आला. लघवी लाल. असंबद्ध बोलायला लागली, मला तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायला लागली. हुबळीला नेऊन दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर माझ्यावरच चिडले, म्हातारीला पाणी कोण देत नव्हतं म्हणून. किडनीला सूज आहे, पुढच्या वेळी असं झालं तर इथवर आणूही नका म्हणाले. मी भिंतीला टेकून ऐकून घेतलं. 

समितीच्या पुढच्या बैठकीला चार दिवस उरले होते. मी शाळेच्या शिपायाला हाताशी धरून कागद टाइप करून घेतला आणि अक्कांचा अंगठा घेतला. निळा, मधोमध उभी पांढरी चीर असलेला. समितीला दोघींचं लेखी हवं होतं, आईची सही नसती तर कागदाला काही किंमत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिचा ताप उतरला, ती शुद्धीवर आली, माझ्याकडे बघून ओळखीचं हसली. सलाईन अजून चालू होतं. मी पिशवीतून कागद काढला.

आईला कानडी बोलायला येतं, भांडायला येतं, ओव्या म्हणायला येतात. वाचता मात्र येत नाही. आमच्याकडच्या तिच्या वयाच्या सगळ्याच बायकांचं असं आहे, शाळा मराठी झाली आणि बाजार कानडीत. बसची पाटीसुद्धा ती आम्हाला विचारून घेते. मला हे माहीत होतं. म्हणूनच मी कागद कानडीत केला होता.

"कशाचं गं?" ती म्हणाली.

"अप्पांच्या पेन्शनचं. जिवंत असल्याचा दाखला."

ती कागदाकडे जरा वेळ बघत राहिली. मग सुईचा हात सांभाळत, वाकड्या मराठी अक्षरांत तिनं सही केली. मी कागद घडी घालून पिशवीत टाकला आणि बाहेर व्हरांड्यात येऊन बाकावर बसले.  आयुष्यभर मी पोरांना कॉपी करताना पकडून बाहेर काढलं होतं.

ती दवाखान्यात असतानाच विहिरीवर स्लॅब पडला. समितीनं शब्दाप्रमाणे सवलत दिली. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात जाऊन मी स्वतः पाइप आणि संडासाचं भांडं निवडलं, मेस्त्रीनं रेटून काम केलं, आणि दिवाळीला थोडे दिवस राहिले असताना आई वॉकर धरून, आठ पावलं टाकून, स्वतःच्या पायांनी आत गेली आणि आतून कडी लावली. मी बाहेर उभी होते. बरंच झालं तरी ती बाहेर येईना म्हणून हाक मारली तर म्हणाली, "बसू दे की गं जरा." मला हसूही आलं आणि रडूही.

तिला मी सांगितलं होतं की समितीनं दया केली, विहीर तशीच आहे. तिच्या खिडकीतून फक्त भिंत दिसते. पण पाणी भरायचा सण काही टळणार नव्हता.

त्या संध्याकाळी तिनं हंडा न्हाणीतून बाहेर आणवला. खुर्चीत बसून, हात कापत असतानाही चुन्याच्या आणि कावेच्या रेघा तिनंच ओढल्या. वेल तिनंच बांधला. मग म्हणाली, "जा, घेऊन ये."

मी घागर घेतली. भिंतीतल्या दाराची कडी मुद्दाम मोठ्यानं वाजवली. पलीकडे अक्का वाट बघत उभ्याच होत्या. स्लॅबवर त्यांनी हळद-कुंकू वाहिलं होतं आणि एक पणती ठेवली होती.  त्यांनी आपल्या नळाखाली माझी घागर भरली, आणि एका हातानं पदर डोळ्याला लावला.

घागर आणून मी हंड्यात ओतली. आईनं हंड्याला कुंकू लावलं, फूल वाहिलं, हात जोडले. मग दर वर्षीसारखा पेला बुडवला आणि प्यायली. घोट घोट नाही, सबंध पेला, मान मागे टाकून. दुसरा भरला. तोही प्यायली. पदरानं तोंड पुसलं.

"नळाचं आहे," ती म्हणाली.

"आई, ते काय झालं की—"

"राहू दे. मला वाचता येत नाही, दिसतं की. तुझ्या अप्पांच्या पेन्शनच्या कागदावर अक्काचा अंगठा कशाला असेल?" ती हंड्याकडे बघत होती. "तो अंगठा मी बांधलाय."

 एवढे आठवडे ती हे पोटात ठेवून होती, आणि मी रोज तिला समितीच्या दयेची गोष्ट सांगत होते. शेवटी मी विचारलं, "मग सही का केलीस?"

ती रिकामा पेला हातात फिरवत राहिली. चूक कबूल करताना पोरं जशी खाली बघतात तशी खाली बघून म्हणाली, "तहान लागली होती गं. फार."

आणि पेला परत माझ्यापुढं धरला.